कॉलेज निवडताना मुलाची प्रकृतीही पाहा

दहावी-बारावीचा निकाल लागला की हदगावच्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते : नांदेड की लातूर? टक्के, फी, क्लास, सगळ्याची चौकशी होते. मुलगा किंवा मुलगी तेथे रमेल का, हे मात्र क्वचितच विचारले जाते. मग दिवाळीच्या सुटीत डोकेदुखी, पोटदुखी, वजन घटणे अशा तक्रारी घेऊन तेच मूल दवाखान्यात येते. तपासण्या नॉर्मल निघतात. तरीही हे ढोंग नव्हे. मनावरचा ताण पोट, डोके आणि झोप यांतून बोलतो.

लातूर पॅटर्नने खेड्यातील अनेक मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केले, हे खरेच. पण एकाला मानवलेले औषध दुसऱ्याला मानवेलच असे नाही, तसेच कॉलेजचे आहे.

प्रवेशापूर्वी पालकांनी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) मुलाला सोबत न्या. मेसमध्ये जेवून पाहा. पिण्याचे पाणी, संडास-बाथरूम तपासा.

२) वेळापत्रक मांडून झोपेला किती तास उरतात ते मोजा. या वयात ८ ते १० तास झोप लागते. वाचलेले डोक्यात पक्के होते ते झोपेतच. एस.टी.ने जाऊन-येऊन शिकायचे असेल तर प्रवासाचा वेळही धरा.

३) तेथे शिकणाऱ्या आपल्या तालुक्यातील मुलांना एकांतात विचारा. आजारी पडल्यास कोण पाहते? रॅगिंग होते का? राज्यात १९९९ पासून रॅगिंग हा कायद्याने गुन्हा आहे.

४) विषय मुलाच्या आवडीचा आहे ना? पदवीसाठी नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतील बहुतेक कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशीच जोडलेली आहेत. म्हणून नुसत्या नावासाठी लांब जाण्याचा हट्ट नको.

प्रवेशानंतर फोनवर "मार्क किती?" याआधी "जेवलास का? मित्र झाले का?" हे विचारा. घरची आठवण येणे साहजिक आहे. बहुतेक मुले काही आठवड्यांत रुळतात. पण झोप उडणे, भूक मरणे, एकलकोंडेपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांना दाखवा. 'जगून काय उपयोग' अशी भाषा आली तर मुलाला एकटे ठेवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत सल्ला मिळतो.

खोली बदलता येते, मेस बदलता येते, वेळ पडल्यास कॉलेजही बदलता येते. त्यात एखादे वर्ष गेले तरी भरून काढता येते. मूल धडधाकट राहिले पाहिजे.