स्क्रिप्ट अडली? आधी एरर वाचा, मग पाकीट उघडा
शहागंजातल्या दुकानदारांसाठी दुरुस्तीच्या खर्चाचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरमधल्या शहागंजच्या घड्याळ मनोऱ्यापासून सराफ्यापर्यंत, छोट्या दुकानांच्या गल्ल्यावरही आता कॉम्प्युटर आहे. त्यात बऱ्याचदा कुणाच्या भाच्याने लिहून दिलेली एखादी स्क्रिप्टही असते, म्हणजे ठरलेलं काम आपोआप उरकणारा छोटा प्रोग्राम. दिवसभराची बिलं ती एका तक्त्यात आणते, कराची बेरीज करते, उधारीवाल्यांना ईमेल धाडते. ती चालते तोवर कुणाच्या लक्षातही येत नाही. बंद पडली की भाचा पुण्याला नोकरीला गेलेला असतो आणि समोर एररच्या तांबड्या ओळी असतात.

पैसे नेमके कशाचे?

पायथॉन फुकट आहे, लिब्रेऑफिस फुकट आहे आणि गूगल अ‍ॅप्स स्क्रिप्ट जीमेलच्या साध्या खात्यासोबत मिळते. त्यामुळे दुरुस्तीत सॉफ्टवेअरचे पैसे जवळजवळ नसतातच, ते माणसाच्या तासांचे असतात. त्यातले बरेचसे तास चूक सुधारण्यात नाही, शोधण्यात जातात. हा शोध तुम्ही जितका आखडाल तितकं बिल कमी.

शून्य रुपयांत सुटणाऱ्या तक्रारी

*मराठी नावं बिघडून दिसतात.* ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये उघडली की ‘रमेश’च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनासारखं चिन्ह, मग तिसरंच काही. एका मराठी अक्षरामागे अशी तीन चिन्हं दिसली तर माहिती शाबूत आहे, एक्सेलने ती चुकीच्या पद्धतीने वाचली एवढंच. फाइल डबल-क्लिकने उघडू नका. ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८ घ्या. बिघडलेली फाइल मात्र सेव्ह करू नका.

*परवानगी नाकारली.* ‘परमिशन एरर’ आली तर तीच फाइल एक्सेलमध्ये उघडी आहे का ते आधी बघा. ती बंद करून स्क्रिप्ट पुन्हा चालवा.

*मॅक्रो चालत नाही.* ईमेलवरून किंवा इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट २०२२ पासून आपणहून अडवतं. फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करा, पण फाइल ओळखीच्या माणसाकडून आली असेल तरच.

*ईमेल मध्येच थांबतात.* अ‍ॅप्स स्क्रिप्टमधून साध्या जीमेल खात्याला दिवसाला १०० जणांनाच ईमेल पाठवता येतो आणि एका दमात ती ६ मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही. दिवाळी-ईदच्या शुभेच्छा चारशे ग्राहकांना पाठवायच्या तर चार दिवसांत विभागा. यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

*जुना कॉम्प्युटर.* विंडोज ७ वर पायथॉनची ३.८ ही शेवटची आवृत्ती चालते, ३.९ पासून पुढची नाही. तिथे नवी स्क्रिप्ट चालवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी तेच पैसे नव्या मशीनकडे वळवता येतील का, ते बघा.

पैसे मोजावे लागतील अशा तक्रारी

*कराचा आकडा चुकतो.* कापडवाल्यांना हा अनुभव नवा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी ही सीमा १००० रुपये होती आणि वरचा दर १२ टक्के. ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये हे आकडे ठिकठिकाणी हाताने लिहिलेले होते, त्यांना प्रत्येक जागा शोधावी लागली. दुरुस्ती करून घेताना एकच अट घाला: दर आणि सीमा एका वेगळ्या तक्त्यात हव्यात. मग पुढचा बदल तुम्ही स्वतः कराल.

*एका रुपयाचा फरक.* एक्सेलचं सूत्र २.५० चे ३ करतं. पायथॉनचं साधं ‘राउंड’ मात्र अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जातं, म्हणून २.५० चे २ होतात आणि ३.५० चे ४. बिल आणि वही जुळत नाही ती इथे. काम अर्ध्या तासाचं, पण जुन्या बिलांवर तपासून घ्यायचा वेळ वेगळा धरा.

*शहराचं नाव.* फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या नामांतराला केंद्राची मान्यता मिळाली. तेव्हापासून एकाच यादीत ‘औरंगाबाद’, ‘छ. संभाजीनगर’ आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ असे तीन गट पडतात, आणि बिहारमधलं औरंगाबाद त्यात मिसळलं तर गोंधळ वाढतो. नावं एकेक करून बदलत बसू नका. गट पिनकोडवर पाडायला सांगा, म्हणजे ४३१००१ कुठल्याही नावाखाली एकत्रच येईल.

*पावतीवर प्रश्नचिन्हं.* थर्मल प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरसंचात बहुधा देवनागरी नसते. मराठी मजकूर चित्र म्हणून पाठवावा लागतो. त्यासाठी नवा प्रिंटर घ्यायची गरज सहसा पडत नाही.

हिशेब असा मांडा

दर माणसागणिक बदलतो, म्हणून आधी तासाचा दर विचारा. समजा तो ६०० रुपये ठरला. नुसतं ‘चालत नाही’ एवढंच सांगितलं आणि शोधण्यात-सुधारण्यात दोन तास गेले, तर १२०० रुपये होतात. १८ टक्के जीएसटी २१६ धरून १४१६. तीच तक्रार नीट मांडली आणि अर्ध्या तासात सुटली, तर ३०० अधिक ५४, म्हणजे ३५४. जीएसटी फक्त नोंदणी असलेल्यानेच लावायचा असतो. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर ते १८ टक्के देऊ नका.

नीट मांडणं म्हणजे चार गोष्टी हाताशी ठेवणं: एररचा पूर्ण स्क्रीनशॉट (पायथॉनमध्ये कामाची ओळ सर्वांत खाली असते), शेवटची कधी नीट चालली, त्यानंतर काय बदललं, आणि ज्यावर ती अडते अशी पाच-दहा ओळींची नमुना फाइल. नमुन्यात ग्राहकांचे खरे मोबाइल नंबर ठेवू नका. एररचा मजकूर एआय चॅटमध्ये टाकून अर्थ विचारायलाही हरकत नाही, मात्र तिथेही पासवर्ड आणि ग्राहकांची यादी द्यायची नाही. आणि कुणाचाही हात लागण्याआधी सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर.

कामाआधी लिहून घ्या

विद्यापीठ आणि अभियांत्रिकी कॉलेजांमुळे असं काम करणारी मुलं शहरात सहज मिळतात. परीक्षा आली की मात्र तीच फोन उचलत नाहीत. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, इतकं लिहून घ्या: काम नेमकं कोणतं, जास्तीत जास्त किती तास, तीच चूक महिनाभरात परत आली तर फुकट दुरुस्ती, आणि पूर्ण कोड व पासवर्ड तुमच्या ताब्यात. कोडच्या मालकीसाठी नीट सही केलेला कागदच हवा. बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, सहसा लिहिणाऱ्याकडे राहतो आणि तो लेखी सहीनेच तुमच्या नावावर होतो.

भांडण झालंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही. मात्र व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यातून वगळलेली आहे; स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार करणाऱ्यालाच ती सवलत मिळते. मोठ्या पेढीला तिथे दाद मिळेलच असं नाही, म्हणून लेखी करार हाच तिचा खरा आधार.

पैसे दोन टप्प्यांत द्या, अर्धे सुरुवातीला आणि उरलेले स्क्रिप्ट तुमच्याच मशीनवर, तुमच्याच कालच्या बिलांवर बरोबर चालल्यावर. आणि हे काम सणाच्या गर्दीआधी काढा. ऐन रमजानात किंवा धनत्रयोदशीला बोलावलेला माणूस मागेल तो भाव द्यावा लागतो.