दूरचित्रवाणीची नवी पेटी घ्यावी का?

कार्यक्रम रंगात आलेला असतो आणि एकदम चित्र थांबते. पडद्यावर एक वर्तुळ गरगर फिरू लागते. घरातील कोणीतरी म्हणते, "पेटी जुनी झाली, आता नवी आणू या!" इंटरनेटवरून येणारा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर दाखवणारा स्ट्रीमिंग बॉक्स किंवा बोटभर लांबीची स्टिक, यालाच आपण येथे पेटी म्हणू. नव्या पेटीला काही हजार रुपये पडतात. एवढे पैसे खर्चण्यापूर्वी दोष खरोखर पेटीतच आहे का, हे तपासता येईल काय? येईल, आणि ते काम तुम्ही स्वतः करू शकता.

नाणेघाटाचा नियम

जुन्नरच्या पश्चिमेचा नाणेघाट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सातवाहनांच्या काळी जुन्नरचा माल याच वाटेने कोकणातील बंदरांकडे जात असे. आता विचार करा. वर शेकडो बैल माल लादून उभे आहेत आणि खाली बंदरात गलबते थांबली आहेत. तासाभरात किती माल खाली उतरेल? घाटातील अरुंद खिंडीतून जेवढा जाईल तेवढाच. बैल वाढवले किंवा गलबते वाढवली, तरी त्यात फरक पडणार नाही.

कार्यक्रमाच्या वाटेवरही अशा जागा आहेत: घरापर्यंतची जोडणी, घरातील वाय-फाय, पेटी, पडदा आणि शेवटी आपला डोळा. यांतील सर्वांत अरुंद जागा कोणती, ते शोधायचे. ती जागा पेटी असेल, तरच नव्या पेटीचा उपयोग.

चित्राचे वजन किती?

फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. एका ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर दर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट पाठवावे लागतील. प्रत्यक्षात सुमारे ५० लाख बिट, म्हणजे ५ मेगाबिट पुरतात. हे कसे साधते? क्रिकेटचा सामना आठवा. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना मैदान तेच राहते, हलतात ते चेंडू आणि खेळाडू. म्हणून सगळे चित्र पुन्हा न पाठवता मुख्यतः बदल पाठवतात. ही घडी घालण्याची पद्धत झाली. पेटीचे मुख्य काम म्हणजे ती घडी उलगडणे.

घडी घालण्याच्या पद्धती सुधारत गेल्या. २००३ साली एच.२६४, २०१३ साली एचईव्हीसी आणि २०१८ साली एव्ही१ ही पद्धत आली. एचईव्हीसीमध्ये तेवढ्याच स्पष्ट चित्राला एच.२६४ च्या जवळजवळ निम्मे बिट लागतात. जुन्या पेटीतील चिपला नवी घडी उलगडता येत नसेल, तर तिला जुन्या पद्धतीचा जड माल मागवावा लागतो. म्हणजे जोडणी मंद असतानाही कधीकधी नव्या पेटीने थोडा फायदा होतो. मात्र कार्यक्रम पुरवणाऱ्याने तो त्या पद्धतीत ठेवलेला असला पाहिजे.

जोडणी आणि वाय-फाय

नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. प्रत्येक तबकडीने टिपलेला संदेश काचेच्या बारीक तंतूतून, प्रकाशाच्या रूपाने मध्यवर्ती इमारतीत येतो. फायबरची जोडणी घेतलेल्या घरात इंटरनेटही अशाच तंतूतून येते. ही वाट सहसा रुंद असते. मोबाइलच्या जोडणीचे तसे नाही. तेथे एका मनोऱ्याची क्षमता अनेकांत वाटली जाते, आणि मध्ये डोंगर आला तर रेडिओ लहरी क्षीण होतात. भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

खर्चही मोजा. ५ मेगाबिटच्या वेगाने तासाभरात ५ × ३६०० ÷ ८ = २२५० मेगाबाइट, म्हणजे सव्वादोन गिगाबाइट लागतात. रोज २ गिगाबाइट मिळणाऱ्या मोबाइलवर तासाभराचा कार्यक्रमसुद्धा पुरा होणार नाही! तेथे पेटी कितीही नवी असली तरी काय उपयोग?

घरातील वाय-फाय दोन प्रकारच्या लहरींवर चालते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या असतात, तर ५ गिगाहर्ट्झच्या सुमारे ६ सेंटिमीटरच्या. दुसऱ्या प्रकारात अधिक माहिती वाहून नेता येते, पण भिंती तिला अधिक अडवतात. जुन्या वाड्याच्या जाड दगडी भिंतीपलीकडे राउटर असेल, तर दोष पेटीचा नसून भिंतीचा असू शकतो.

पडदा आणि डोळा

'फोर-के' पेटी घ्या, असा आग्रह दुकानात होतो. फोर-के चित्रात फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात आणि त्याला सुमारे १५ मेगाबिटची जोडणी लागते. पडदा फोर-के नसेल तर हे जादा ठिपके वाया जातात. पडदा तसा असला, तरी डोळ्याचे काय? सामान्य डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा लहान कोनातील दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. ४३ इंची पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर असते. त्यावर फुल एचडीचा एक ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर रुंद होतो. हा ठिपका १.७ मीटर अंतरावरून नेमका तेवढाच कोन करतो. म्हणजे तुम्ही त्याहून दूर बसत असाल, तर जादा ठिपक्यांचा लाभ फारसा दिसणार नाही.

करून पाहा

१. पेटीच्या शेजारी मोबाइल धरा. मोबाइल डेटा बंद करून त्याच वाय-फायवर जोडणीचा वेग मोजा. हीच कृती पहाटे आणि रात्री ९ वाजता करा. रात्रीच वेग पडत असेल, तर गर्दी बाहेरच्या वाटेवर आहे.

२. आता राउटरजवळ जाऊन वेग मोजा. तेथे वेग चांगला आणि पेटीजवळ कमी असेल, तर राउटरची जागा बदला. त्याला खर्च नाही.

३. स्टिकला वीज कोठून मिळते ते पाहा. दूरचित्रवाणीच्या साध्या यूएसबी २.० खाचेतून प्रमाणाप्रमाणे अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात. अनेक स्टिकना त्याहून अधिक लागते. मग त्या मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतात. सोबत आलेला अडॅप्टर जोडून पाहा.

४. पेटीतील नको असलेली ॲप काढून टाका. साठवणीची जागा भरली की पेटी मंदावते.

एवढे करूनही, वेग भरपूर असताना पेटी अडखळत असेल, बटण दाबल्यावर बराच वेळ काही घडत नसेल, किंवा निर्मात्याने सुधारणा पाठवणे थांबवल्यामुळे हवे ते ॲप चालत नसेल, तर अरुंद जागा पेटीच आहे. मग नवी पेटी खुशाल घ्यावी. घेताना तिला एचईव्हीसी आणि एव्ही१ उलगडता येते का, आणि ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय आहे का, हे विचारावे. जुनी पेटी कचऱ्यात टाकू नका. ती इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या.

शिक्षकांनी वर्गातील दहा घरांची अशी नोंद विद्यार्थ्यांकडून घेऊन फळ्यावर तक्ता मांडावा. किती घरांत दोष जोडणीचा, किती घरांत वाय-फायचा आणि किती घरांत खरोखर पेटीचा, हे मोजावे. उत्तर काय येईल याचा अंदाज प्रत्येकाने आधी वहीत लिहून ठेवावा.