शाळेच्या आवारात बॉटलब्रश : काळ्या जमिनीतील लागवड व जोपासना

महाराष्ट्रातील उद्याने, शाळा व कार्यालये यांच्या आवारांत बॉटलब्रश हे शोभेचे झुडूप परिचित आहे. वाशीम जिल्ह्यात मात्र ते जगवावयाचे असल्यास पाण्याचा निचरा आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांतील पाणी, या दोन गोष्टींची तरतूद लागवडीपूर्वीच करावयास हवी.

ओळख

हे झुडूप मूळचे पूर्व ऑस्ट्रेलियातील. त्याचे शास्त्रीय नाव कॅलिस्टेमॉन सायट्रिनस. जांभूळ, पेरू, लवंग व निलगिरी ही त्याच कुळातील होत. पान चुरगळले असता लिंबासारखा वास येतो. बाटली धुण्याच्या ब्रशासारखा दिसणारा लाल तुरा पाकळ्यांचा नसून पुंकेसरांचा असतो. त्यातील मधासाठी मधमाश्या व शिंजीर पक्षी येतात. वनस्पतिशास्त्राच्या पाठासाठी शिक्षकांना हा उत्तम नमुना आहे.

जमीन व लागवड

जिल्ह्यातील भारी काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळते. कोवळ्या मुळांना दोन्ही अपायकारक ठरतात. म्हणून 60 सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यातच घेऊन तापू द्यावा. तळाशी मुरूम घालावा आणि पोयटा माती व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणाने खड्डा भरावा. रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित उंचावर, जुलैमध्ये चांगला पाऊस झाल्यानंतर लावावे. दोन रोपांत 3 मीटर अंतर ठेवावे. जागा भरपूर उन्हाची असावी.

रोपे बियांपासून किंवा अर्धवट पक्व फांद्यांच्या छाट कलमांपासून तयार होतात. बी अतिशय बारीक असल्याने ते खोल पेरू नये.

पाणी

जून स्थिरावल्यानंतर झुडूप बरीच कोरड सोसते, त्यापूर्वी नाही. आठवड्यास दर रोपाला 10 लिटर पाणी धरल्यास 10 रोपांना 100 लिटर, म्हणजे उन्हाळ्याच्या 18 आठवड्यांत 1,800 लिटर पाणी लागते. हा हिशेब ग्रामपंचायतीने रोपे मागविण्यापूर्वी करावा. पाणी पाचच रोपांपुरते असेल, तर पाचच रोपे लावावीत. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास ओल टिकते.

छाटणी व निगा

बहर ओसरताच सुकलेल्या तुऱ्याच्या लगत खाली छाटणी करावी. पाने नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत छाटल्यास फूट येण्यास विलंब लागतो.

चुनखडीयुक्त जमिनीत कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय. अशा वेळी प्रथम निचरा तपासावा. नंतर 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस व 25 ग्रॅम चुना मिसळून, गाळून, सायंकाळी फवारणी करावी.

मर्यादा

बॉटलब्रश हे शोभेचे झुडूप आहे. सावलीसाठी कडुनिंब व करंज यांनाच अग्रक्रम द्यावा. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यासारख्या गवताळ प्रदेशात त्याची लागवड करू नये. काळविटांना मोकळे माळरानच हवे असते. आवारातील कार्यक्रमाचे यशही लावलेल्या रोपांवरून नव्हे, तर दुसरा उन्हाळा पार केलेल्या रोपांवरून मोजावे. त्यासाठी प्रत्येक रोपाची जबाबदारी एका वर्गाकडे सोपवून सुटीतील पाण्याची व्यवस्था आधीच ठरवून द्यावी.