पट्टा आधी कळवत नाही

अगं, गाडी छान घेतलीस. रविवारी तू घोटवडे फाट्याकडून आत वळलीस तेव्हाच ओट्यावर बसून मी आवाज ऐकला. दहा वर्षांची डिझेल, पण टकटक नाही, काळा धूर नाही. तू टायर दाखवलेस, टेप दाखवलास, मागचा कॅमेरा दाखवलास. मी एकच विचारलं, टायमिंग बेल्ट कधी बदललाय? तर तू म्हणालीस, "आप्पा, विकणाऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, काही आवाज नाही, सगळं ओके आहे." तुला निघायची घाई होती म्हणून गप्प बसलो. आता लिहून पाठवतोय. फोनवर सांगितलं की तू हो हो म्हणतेस आणि विसरतेस.

आवाज नाही, हीच तर पंचाईत आहे. क्लच जायचा असला की आधी वास सोडतो. ब्रेक पॅड किंचाळतात. बॅटरी चार सकाळी कुरकुरते आणि मग मरते. गाडीतलं जवळजवळ प्रत्येक दुखणं आधी चिठ्ठी पाठवतं. टायमिंग बेल्ट पाठवत नाही. काल संध्याकाळी जसा फिरला तसाच आज सकाळी फिरतो आणि दुपारी तुटतो. कधी कधी पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग घरघरतं, तेवढी दया. ती आवाजाची वाट बघत बसू नकोस.

हा पट्टा करतो काय, ते आधी समजून घे. इंजिनात खाली क्रँक फिरतो आणि पिस्टन वरखाली करतो. वर कॅमशाफ्ट फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडमीट करतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक झालाच पाहिजे, आणि तोही नेमक्या जागी. हे दोघं बांधलेले आहेत एका दातेरी रबरी पट्ट्याने. इंजिन २,००० आरपीएमवर असलं तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला हजार वेळा उघडतो आणि मिटतो. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह वाटेतून बाजूला झालेला असतो, कारण पट्ट्याने तसं वेळापत्रक सांभाळलेलं असतं. पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि खालून पिस्टन येऊन आपटतो. डिझेल इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर जागाच इतकी थोडी असते की तिथे सुटका नाही.

माझा वस्ताद पद्मिनी आणि अँबेसेडरवर शिकलेला माणूस. त्यांत लोखंडी चेन असायची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, आणि पुढे ती पहिल्यांदा त्याच्याकडे उघडायला आली तेव्हा पट्टा हातात धरून तो हसला होता. म्हणाला, शिलाई मशीनचा आहे का रे? नंतर हसायचा थांबला. पट्टा हलका, स्वस्त, आवाज न करणारा आणि तेल न मागणारा, म्हणून कंपन्यांनी तो घेतला. बदल्यात गाडीच्या मालकाच्या डोक्यावर एक तारीख येऊन बसली. त्या काळच्या मेकॅनिकांना हे समजायला वेळ लागला. मालकांना अजून समजलेलं नाही.

तर तारीख कशी ठरवायची? गाडीसोबत आलेलं पुस्तक उघड. डॅशबोर्डच्या कप्प्यात असेल, नसेल तर सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन विचार. तिथे दोन आकडे लिहिलेले असतात, किलोमीटर आणि वर्षं. गाडीगणिक ते वेगळे, साधारण ६० हजारांपासून सव्वा लाखापर्यंत आणि पाच-सहा वर्षांच्या आसपास. दोघांतलं जे आधी भरेल ते खरं. लोक फक्त किलोमीटर बघतात. "अजून सत्तरच झालेत आप्पा." अगं, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. सत्तर हजार चाललेल्या दहा वर्षांच्या गाडीचा पट्टा दहा वर्षांचाच असतो.

आणि तुझ्या बाबतीत तिसरा हिशोब आहे, जो पुस्तकात ठळक लिहीत नाहीत. तू रोज भऱ्याहून घोटवडे, माण करत हिंजवडीला जातेस. अंतर काही फार नाही, पण सकाळी रांगेत किती वेळ उभी असतेस? गाडी हलत नाही तेव्हा मीटर थांबतो, पट्टा फिरतच असतो. ताशी ६० ने सरळ रस्त्यावर ६० हजार किलोमीटर काढले तर इंजिन १,००० तास चालतं. ताशी सरासरी १५ ने काढले तर ४,००० तास. उभ्या गाडीत इंजिन मंद फिरतं, म्हणून चौपट झीज झाली असं मी म्हणणार नाही. पण मीटर सांगतो त्यापेक्षा तुझा पट्टा जास्त चाललेला आहे, एवढं नक्की. पुस्तकात धूळ, ऊन आणि खडतर वापराचा वेगळा, कमी आकडा दिलेला असला तर तो आपला समज. पिरंगुटला मालाच्या गाड्या आणि हिंजवडीला रांगा, यापेक्षा खडतर आणखी काय असतं?

कव्हर काढून बघून घेऊ का, असं कुणी म्हणेल. जुन्या पट्ट्यांना पाठीवर भेगा पडायच्या, नखाने कळायचं. आताचं रबर चिवट आहे, वरून नव्यासारखं दिसतं. आत काचेच्या तंतूंचे दोर असतात, ते झिजतात. ते कुणाला दिसत नाहीत. बघून एकच कामाची गोष्ट कळते. पट्ट्यावर तेल किंवा कूलंट ओघळलंय का. तसं असलं तर किलोमीटर विसरायचे आणि गळती थांबवून पट्टा लगेच बदलायचा, कारण तेल रबर खातं. आपल्याकडे भाताच्या दिवसांत उंदीर बोनेटखाली घुसतात, तेव्हा खालचं प्लॅस्टिकचं कव्हर शाबूत आहे का तेही बघ. फुटकं असलं तर आत चिखल आणि खडे जातात.

आता जुन्या गाडीचा नियम, वस्तादाचा. कागद नाही तर काम नाही. विकणारा म्हणतो बदललाय. बिल दाखव. बिल नाही, तर इंजिनच्या कव्हरवर तारखेचा स्टिकर दाखव. तोही नाही, तर पट्टा गाडीच्या जन्माचा आहे असं धरायचं. विकणारा खोटारडा असेलच असं नाही. त्याने 'बेल्ट बदललाय' म्हणताना बाहेरचा फॅन बेल्ट मनात धरलेला असतो. तो अल्टरनेटर आणि एसी फिरवणारा पट्टा, पाचशे-हजाराचा. तो तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो आणि गाडी बाजूला घेता येते. दोन्ही पट्टेच, म्हणून दरवेळी पूर्ण नाव घेऊन विचारायचं.

तुझ्या मैत्रिणीच्या गाडीचं विचारलं होतंस. सगळ्या गाड्यांत पट्टा नसतो. सँट्रो, जुनी मारुती ८०० आणि झेन, इंडिका डिझेल, पहिली इनोव्हा डिझेल, डस्टर डिझेल, पोलो डिझेल, फिगो डिझेल यांत पट्टा. स्विफ्ट डिझेल आणि मारुतीची के सिरीज यांत चेन. ढोबळ खूण म्हणजे इंजिनच्या बाजूला बोल्टांनी बसवलेलं प्लॅस्टिकचं कव्हर असलं तर बहुधा पट्टा, आणि घट्ट बंद धातूचं असलं तर बहुधा चेन. पहिल्या डिझेल इनोव्हाच्या डॅशबोर्डवर तर 'टी-बेल्ट' असा दिवाच आहे, किलोमीटर भरले की लागतो. कित्येक ड्रायव्हर पट्टा न बदलता दिवाच घालवून घ्यायचे. इकोस्पोर्टच्या एक लिटर पेट्रोलमध्ये पट्टा तेलातच बुडून फिरतो, तिथे चुकीचं ऑइल घातलं की रबराचा भुगा होऊन तेलाची जाळी तुंबते. आणि चेनवाल्यांनी फार फुशारकी मारू नये. ऑइल वेळेवर बदललं नाही की चेन ताणते, पण निदान सकाळी खडखडून सांगते तरी.

खर्चाचं. गेल्या दोन-चार वर्षांत माझ्या डोळ्यांखालून गेलेल्या बिलांवरून सांगतो, तुझ्या गाडीचा भाव तू दोन ठिकाणी विचारून घे. जुन्या छोट्या पेट्रोल गाडीचं काम ४ ते ७ हजारांत होतं. डिझेलचं १२ ते २५ हजार, आणि परदेशी बनावटीच्या मोठ्या गाड्यांचं त्याच्याही वर. पट्टा एकटा स्वस्त असतो. पैसे जातात किटला आणि मजुरीला. कारण पट्ट्यापर्यंत पोचायला चाक काढा, इंजिनचा एक माउंट सोडा, पुली काढा, यातच अर्धा दिवस जातो. जुनं कोटेशन हातात असलं तर लक्षात ठेव, २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झालाय. त्याआधी बऱ्याच भागांवर २८ होता.

१८ हजार एकदम ऐकले की पोटात गोळा येतो. ते सहा वर्षांवर पसरव. महिन्याला २५०. आणि पट्टा तुटला तर? हेड उतरवा, व्हॉल्व्ह नवे, गाइड, गॅस्केट, कधी पिस्टन, कधी कॅमशाफ्ट. डिझेलला ६०-७० हजारांपासून सुरुवात, लाख सहज. विमा आहे ना, असं म्हणू नकोस. झीज आणि यंत्रातला बिघाड साध्या विम्यात बसत नाही.

पैसे वाचवायचे तर किटवर वाचवू नकोस. पट्टा, टेन्शनर, आयडलर हे एकत्र बदल. वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरत असला तर तोही. पंप दोन-तीन हजारांचा, पण सहा महिन्यांनी गळला तर तीच मजुरी परत, आणि गळतीत नवा पट्टा भिजून वाया. नाना पेठेत कंपनीचाच माल बनवणाऱ्यांचं किट स्वस्तात मिळतं, पण डब्याचं सील आणि बिल बघून घे. हुबेहूब डब्यातला बनावट मालही असतो. मजुरीवर घासाघीस कर खुशाल.

गॅरेजवाल्याला एक प्रश्न विचार, "या इंजिनचं लॉकिंग टूल आहे का?" तो हसून म्हणाला, व्हाइटनरने खूण करतो, तीस वर्षं करतोय, तर चहा घे आणि निघ. जुन्या मारुतीला खुणेवर चालायचं. तुझ्या डिझेलला क्रँक आणि कॅम पिनेने बांधूनच काम करतात, एक दात इकडेतिकडे झाला तरी इंजिन रुसतं. काम इंजिन थंड असताना. पट्टा बसवल्यावर सेल्फ मारायच्या आधी पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा परत जुळल्या का बघायचं. तू तिथे उभी राहा आणि हे होताना बघ. नवा पट्टा कुणी मुडपून खिशात घातला तर तो घेऊ नकोस, आतले दोर मोडतात.

माझं पाप सांगतो, म्हणजे तुला कळेल मी का एवढा मागे लागलोय. २००८ च्या मे महिन्यात एका शेठची टुरिस्ट गाडी चालवत होतो. कोथरूडचं कुटुंब घेऊन दिवेआगरला गेलो. पट्ट्याची तारीख दोन महिन्यांपूर्वीच उलटली होती. शेठ म्हणाला सीझन संपू दे, आणि मीही मान हलवली, कारण गाडी एक दिवस उभी म्हणजे माझा भत्ता गेला. परतताना ताम्हिणी घाटाच्या चढाला एकदाच 'खट्' झालं आणि इंजिन बंद. स्टिअरिंग दगड झालं, दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला ब्रेकचा पायही कडक. कसाबसा हँडब्रेक ओढला, त्यांच्या पोराने चाकामागे धोंडा लावला. मग मी शहाण्याने चार वेळा सेल्फ मारला. सेल्फ पंख्यासारखा मोकळा फिरत होता, इंजिनात दाब कसला तो नाहीच. ती खूण मला माहीत होती, तरी मारला. फोनला रेंज नाही, अंधार पडत आलेला, गाडीत एक तान्हं बाळ. मालाच्या टेम्पोने माणसं पौडला पोचवली, गाडी दुसऱ्या दिवशी ओढून आणली. बिल ४२ हजार. त्या वेळी पट्ट्याचं सगळं काम पाच-साडेपाच हजारांत झालं असतं.

म्हणून चालत्या गाडीत इंजिन अचानक गेलं आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरला, तर दुसऱ्यांदा चावी फिरवायची नाही. धक्का मारून चालू करायला चार पोरं धावून येतील, त्यांना नाही म्हण. टोइंगच बोलव.

तुझी गाडी मृगाच्या आधी करून टाकू. पावसात गॅरेजला ब्रेक आणि वायपरची गर्दी असते, आणि तू आषाढात कोकणात जायचं म्हणतेस, ते याच घाटातून. येत्या आठवड्यात तू दोन कोटेशन घे, मी पिरंगुटच्या ओळखीच्या मिस्त्रीशी बोलतो. काम झालं की बिल आरसीच्या झेरॉक्ससोबत ठेव, कव्हरवर मार्करने तारीख आणि रीडिंग लिहून घे, आणि जुना पट्टा मागून आण. बदलला याची ती पावतीच. शिवाय गोठ्याच्या फाटकाला बांधलेला माझा मागचा पट्टा खोंडाने चावून तोडलाय.