मातीशी मुलांची ओळख करून द्या

पालकहो, चिखलात हात घातलेल्या मुलाला आपण पहिलं काय म्हणतो? "शी! घाण आहे ती!" हेच पुन्हा पुन्हा ऐकून मूल मातीकडे केवळ हात धुण्याचं कारण म्हणून पाहू लागतं. पुढे पाचवी-सहावीत ते 'मृदेचे प्रकार' पाठ करतं, पण उत्तरातली काळी माती आणि अंगणातली माती एकच, हे त्याच्या लक्षात येत नाही. हा दुरावा आपण घरीच मिटवू शकतो.

केरळात तिरुवनंतपुरमला २०१४ साली मातीचं संग्रहालय उघडलं. त्या राज्यात आढळणाऱ्या मातीच्या ८२ प्रकारांचे उभे छेद तिथे मांडले आहेत. खड्डा खणून, थर जराही न विस्कटता, माती अखंड कापून फळीवर बसवलेली असते. वरचा सुपीक थर केवढा पातळ आणि त्याखाली किती काय काय, हे मुलाला एका नजरेत कळतं. त्यातला दोन-तीन सेंटिमीटरचा थर तयार व्हायला हजार वर्षंही लागू शकतात, असं त्या छेदासमोर उभं राहून सांगा. पुस्तकातल्या वाक्यापेक्षा ते जास्त काळ लक्षात राहील.

तितक्या लांब जायलाच हवं असं नाही. नागपूरचा 'अजब बंगला', म्हणजे १८६३ साली स्थापन झालेलं मध्यवर्ती संग्रहालय, आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, या दोन्ही ठिकाणी निसर्गविज्ञानाची दालनं आहेत. दिल्लीला गेलात तर पुसा परिसरातलं राष्ट्रीय कृषी विज्ञान संग्रहालय चुकवू नका.

मात्र एक पथ्य पाळा. एका भेटीत सगळी दालनं उरकू नका. एकच दालन निवडा, मूल जिथे थांबेल तिथे तुम्हीही थांबा. "चल, अजून खूप बघायचंय" म्हणत त्याला ओढू नका. पाटीवरची माहिती वाचून दाखवण्याआधी "तुला काय दिसतंय?" एवढंच विचारा. त्याच्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "आपण दोघं शोधू" म्हणा. त्यात कमीपणा नाही.

मग घरी या आणि एक प्रयोग करा. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती घ्या, वर पाणी भरा, झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयट्याला काही तास लागतात, चिकणमातीला एक दिवस किंवा जास्तही. गावी गेलात की शेतातली आणि शहरातल्या कुंडीतली माती शेजारी ठेवून पाहा. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा का पडतात, कोकणातली माती तांबडी का, हे प्रश्न मूल आपणहून विचारेल. काळ्या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते. कोकणातल्या मातीला तांबडा रंग लोहाच्या संयुगांमुळे येतो. आजोबांनाही विचारायला लावा: वापसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, आलाय हे कसं ओळखायचं? मुठीत दाबलेला गोळा खाली टाकल्यावर फुटला तर आलाय, असं ते करून दाखवतील.

ताटातली भाकरी कुठून येते हे ज्या मुलाला हाताने कळलं, ते अन्न टाकताना आणि जमिनीवर प्लॅस्टिक फेकताना थबकेल. ५ डिसेंबर हा जागतिक मृदा दिन. तोवर थांबू नका, येत्या रविवारीच मुलाचे हात मातीत जाऊ द्या.