जुन्या स्पीकरचा क्रॉसओव्हर: अनुभवाचे बोल

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आणि चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे. म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकातले स्पीकर दबके वाजू लागले की संशय आधी क्रॉसओव्हरवर. त्यात हात घालणाऱ्यांसाठी हे थोडं.

1. आधी वूफर बघा. कडेच्या फोमचा बोट लावताच भुगा होत असेल, तर नवा कपॅसिटर काय करणार? आठ ओहमचा धडधाकट वूफर मल्टिमीटरवर सहाच्या आसपास दाखवतो.

2. तारा सोडवण्याआधी फोटो काढा. ट्वीटरची जोडणी उलटी दिसली, तरी सरळ करायला जाऊ नका. बऱ्याच स्पीकरांत ती मुद्दाम उलटी असते.

3. आकडा बदलू नका. आठ ओहमच्या ट्वीटरला एकटा 4.7 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर सुरांची वाटणी साधारण 4,200 हर्ट्झला होते. तिथे 10 चा लावला की ती 2,000 वर उतरते आणि नको तो भार ट्वीटरच्या नाजूक तारेवर येतो.

4. दरवेळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्ट मागवायला नको. सीलिंग फॅनचा 2.5 चा कंडेन्सर गडचिरोलीतही मिळतो, आणि तो पॉलिप्रॉपिलीन फिल्मचाच असतो. दोन समांतर जोडले की 5 होतात, 4.7 च्या जागी चालून जातात. आकाराने मोठे असतात, तेव्हा टायने घट्ट आवळा. नाहीतर खोक्यात खडखडतील.

5. कॉइल राहू द्या. तांबं सुकत नाही. जाड तारेची नवी कॉइल घातली, तर तिचा रोध घटतो आणि आवाजाचा तोल ढळतो.

6. फिल्म कपॅसिटरनंतर ट्वीटर चढा वाटला, तर त्याच्या सिरीजमध्ये अर्धा-एक ओहमचा रेझिस्टर टाका. जुन्या कपॅसिटरच्या अंगातला रोध तेवढाच परत मिळतो.

7. आधी एकच खोका करा. मग मोनोवर दोन्ही आलटूनपालटून ऐका. मी झाडीपट्टीच्या नाटकाचं रेकॉर्डिंग लावतो. संवादातले 'स' आणि 'श' सुटे यावेत, पण कानाला टोचू नयेत.

8. काढलेले कपॅसिटर पाकिटात घालून खोक्याच्या आतच चिकटवा. पुढच्या मेकॅनिकला मूळ आकडा शोधत बसावं लागणार नाही.