आजारी पडला, म्हणून टाकला

आजचे वाचन: १ शमुवेल ३०:११-२५

सिकलाग जळालं आहे. अमालेकी लोकांनी बायकामुलं पळवून नेलीत आणि दावीद ६०० माणसं घेऊन त्यांच्या मागे निघालाय. एकेक तास मोलाचा. अशा घाईत रानात एक मिसरी तरुण पडलेला सापडतो. तीन दिवस पोटात ना अन्न, ना पाणी. तो एका अमालेक्याचा दास होता. आजारी पडला, तसा धनी त्याला तिथेच सोडून पुढे गेला.

आता क्रम बघा. आधी त्याला भाकर, पाणी, अंजीर आणि मनुका दिल्या. तो सावरल्यावर दावीदाने चौकशी केली. वाट दाखवण्याआधी त्याने शपथ मागितली: मला मारू नका आणि धन्याच्या हाती देऊ नका. त्याला धन्याची भीती मरणाइतकीच होती.

आजचा धनी रानात टाकत नाही, मीटिंगला बोलावतो. मी आयटीत आहे. लांबच्या आजारपणाहून परतलेल्या माणसाला आधी प्रोजेक्टवरून काढतात, मग बेंचवर बसवतात, मग एचआर सुचवतं, स्वतःहून राजीनामा द्या. कागदावर आजाराचा उल्लेखही नसतो.

कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना त्याला कामावरून काढायला १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने (कलम ७३) बंदी घातली. पण या विम्यासाठी पगाराची मर्यादा २०१७ साली महिना २१,००० रुपये ठरली. आयटीतले बरेच जण तिच्या बाहेर. तिथे सगळं मॅनेजरच्या मनावर.

म्हणून अध्यायाचा शेवट महत्त्वाचा. दमलेले २०० जण बसोर ओहोळापाशी मागे राहिले होते. त्यांना लुटीतला वाटा नको, असं काहींचं म्हणणं. दावीदाने वाटा सारखाच दिला आणि इस्राएलात तो कायमचा नियम केला. त्या दिवसापुरती दया दाखवून तो थांबला नाही.

आपल्यातले काही आता टीम लीड आहेत. घरी कामाला येणाऱ्या मावशींचे तर आपण बरेच जण धनी. त्या तापाने चार दिवस आल्या नाहीत तर पगार कापायचा का? हे आजच ठरवा आणि त्यांना सांगून ठेवा.

प्रार्थना: प्रभू, आमच्या हाताखालच्या माणसाचं दुखणं आमच्या डेडलाइनपेक्षा मोठं मानायची बुद्धी दे. आमेन.